बटनचं गुरगुरणं

बटन गुरगुरला नाही. नुसता उठला आणि रुचिकाच्या पोटरीला कडकडून चावला.

ती ओसरी झाडत होती. झाडू त्याच्या ताटलीला लागला, एवढंच घडलं होतं. रुचिकाची किंकाळी ऐकून सोनीबाई चुलीपासून धावत आली, तेव्हा सून भिंतीला टेकून पाय धरून बसली होती. सशाएवढं ते पांढरं कुत्रं खाटेखाली शिरून थरथरत होतं. आतल्या खोलीत झोळीतली रुचिकाची लेक छकुली जागी होऊन रडायला लागली होती.

नितीनने आधी बायकोला तलासरीच्या सरकारी दवाखान्यात नेऊन इंजेक्शन देऊन आणलं. मग त्याने खताची रिकामी गोणी झटकली.

"गोणी कशाला?" सोनीबाईने विचारलं.

"हायवेपल्याड सोडून येतो."

"ट्रकखाली जाईल रे तो."

"आई, आज रुचिकाचा पाय होता. उद्या छकुलीचं तोंड असलं तर?"

छकुली नुकती रांगायला लागली होती, घरभर फिरायची, दिसेल त्याला हात घालायची. नितीन खोटं बोलत नव्हता, आणि नेमकं तेच सोनीबाईला टोचत होतं. ती खाटेवर बसली आणि पाय खाली सोडून तिने बटनला आड केलं.

"होळीपर्यंत थांब," ती म्हणाली. "मग तू म्हणशील ते. मीच नेऊन सोडीन."

नितीनने गोणी अंगणात भिरकावली. आईने त्याच्याकडे आजवर काहीच मागितलं नव्हतं. नवरा चैत्या वारला तेव्हा सोनीबाईने पोराला पाठीशी बांधून डहाणूची वाट धरली होती. समुद्राजवळच्या एका चिकूवाडीतल्या बंगल्यात तिने निम्मं आयुष्य भांडी घासली, मालकिणीची आजारपणं काढली. म्हाताऱ्या मालकिणीला तिच्या लेकीने परदेशी नेलं, तेव्हा तिचं हे लाडावलेलं कुत्रं कोणालाच नको होतं. सोनीबाईने त्याला पदराखाली घेतलं आणि टमटममध्ये बसवून पाड्यावर आणलं.

गादीवर झोपणारं ते कुत्रं पाड्यावर आलं आणि बिथरलं. मोटारसायकल दिसली की भुंकायचं, पाहुणा आला की अंगावर उड्या मारायचं, ताटलीजवळ कोणी फिरकलं की दात दाखवायचं. गुरगुरलं की नितीन चप्पल हाणायचा. सोनीबाईला ते आवडायचं नाही, पण तिलाही वाटे, कुत्र्याला धाक हवा.

दुसऱ्या दिवशी ती बटनला पिशवीत घालून गुरांच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याचे कान, दात, पाय तपासले. दुखणं काही सापडलं नाही.

"चावायच्या आधी गुरगुरला का?" त्यांनी विचारलं.

"नाही. पूर्वी गुरगुरायचा. मुलाने मारून मारून बंद केलं."

"मावशी, गुरगुरणं म्हणजे तो सांगत होता, जवळ येऊ नका. सांगितलं की मार मिळतो, हे त्याला कळलं. म्हणून त्याने सांगणं सोडलं. भीती गेली नाही, नुसता आवाज गेला."

घरातल्या सगळ्यांनी मिळून त्याला न सांगता चावायला शिकवलं होतं.

"मग आता काय करू?"

"माणसाचा हात जवळ आला की आपलं खाणं जातं, असं त्याला वाटतं. हात आला की मिळतं, असं वाटायला हवं. ताटली ओढू नका. लांबूनच काहीतरी चांगलं टाका आणि निघून जा. हाक मारल्यावर आला तर बक्षीस द्या. आणि बाळ? बाळाला त्याच्याजवळ एकटं सोडायचं नाही. तो सुधारला तरी नाही."

धाकटी डहाणू गावच्या कोळणी बाजारात सुकी मासळी घेऊन यायच्या. सोनीबाईने सुक्या बोंबलाचे नखाएवढे तुकडे केले आणि कनवटीला बांधले. बटन नाचणीची भाकर खात असला की ती दूर उभी राहायची, एक तुकडा ताटलीत टाकायची आणि पाठ फिरवायची. आधी तो खाणं थांबवून अंग ताठ करायचा. ती मागे सरायची. हळूहळू ती आली की त्याची शेपटी हलायला लागली.

भुंकण्यावर आपण काय करत होतो, याचं तिचं तिलाच हसू आलं. तो भुंकला की ती "गप! गप!" ओरडायची. त्याला वाटत असणार, म्हातारीही आपल्या जोडीने भुंकतेय. आता ती तोंड मिटून बसायची आणि तो दम घ्यायला थांबला की तुकडा द्यायची. उडी मारली की पाठ करायची, चारही पाय जमिनीवर टेकले की डोक्यावरून हात फिरवायची.

सगळं सरळ झालं नाही. एकदा गॅसवाला आला तेव्हा बटनने त्याची पँट धरली. नितीनने ते पाहिलं. जेवताना त्याने आईकडे मान वर करून पाहिलं नाही. दुसरीकडे पाड्यावर होळीची लाकडं जमू लागली होती. ढीग वाढताना दिसला की सोनीबाई उरलेले दिवस बोटांवर मोजायची.

आणि मग ती दुपार आली. रुचिका नळावर गेली होती. सोनीबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती, छकुली तिच्या मांडीला खेटून. ओसरीच्या टोकाला बटन खात होता. सुपातला एक खडा डोळ्यांजवळ धरून सोनीबाईने नीट पाहिला. मान वर केली तर मांडीजवळ पोर नव्हती.

छकुली ताटलीपाशी पोचली होती. तिचा हात भाकरीवर पडला होता.

बटनचं अंग लाकडासारखं ताठ झालं. आणि तो गुरगुरला. कित्येक दिवसांनी, घशातून, हलकेच.

त्याच वेळी नितीन अंगणात शिरला. त्याने ते पाहिलं आणि कुडाला लावलेली काठी उचलली.

"हलू नको!" सोनीबाई दबक्या आवाजात म्हणाली. "ओरडू नको. तो सांगतोय."

नितीन होता तिथे गोठला. धाव घ्यावी तर कुत्रं बिचकेल, पोरीचं तोंड त्याच्या तोंडाजवळ. तिने कोरडे पडलेले ओठ ओले केले आणि रोजच्यासारखी, अगदी रोजच्यासारखी हाक मारली.

"बटन, ये."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग पोरीकडे. मग परत तिच्याकडे.

"ये माझ्या राजा."

त्याने भाकर सोडली. पोरीला वळसा घातला आणि कान पाडून सोनीबाईकडे आला. तिने त्याला छातीशी धरलं. नितीनने झडप घालून छकुलीला उचललं. पोरीने भाकरीचा तुकडा मुठीत घट्ट धरला होता आणि ती हसत होती.

सोनीबाईने कनवटीची गाठ सोडली. असतील नसतील तेवढे तुकडे तिने बटनपुढे ठेवले.

"ऐकलं त्याने," नितीन म्हणाला.

"त्याने ऐकलं. चुकले मी," सोनीबाई म्हणाली. "पोर मोकळी असताना ताटली तिथे ठेवायलाच नको होती. डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं."

नितीनने छकुलीला आईच्या मांडीवर दिलं, बटनला उचलून खाटेच्या पायाला बांधलं. बांधताना त्याचा हात त्या पांढऱ्या पाठीवर पहिल्यांदाच क्षणभर थांबला. मग तो परसात गेला आणि बांबू फोडायला लागला. संध्याकाळपर्यंत ओसरीच्या टोकाला, बटनच्या ताटलीभोवती, कमरेएवढा कूड उभा राहिला, त्याला छोटं दार, आणि दाराला पोरीच्या हाताला न पोचणारी वरची कडी.

रुचिका पाणी घेऊन आली तेव्हा तिला सगळं कळलं. ती रडली, सासूवर चिडली. होळी होऊन गेली, बटन पाड्यावरच आहे; ती त्याला अजूनही हात लावत नाही. पण भाकरी भाजून झाल्या की एक लहानशी बाजूला काढते, कुडावरून आत टाकते आणि तो उचलेपर्यंत तिथेच उभी राहते.