दोन पिंपं पाणी

खाणीवर त्याला सगळे 'घूस' म्हणत. नाव शोभायचंही! पोकलेनच्या खुर्चीत बसला की वाळू, खडी, गोटे, समोर येईल ते उकरत सुटायचा. मालक खूश, डंपरवाले खूश. खूश नव्हता तो एकटा हाच.

कारण खड्ड्यात रोज पाणी साचायचं. सकाळी आधी पंप लावून ते बाहेर फेकायचं आणि मगच खोदायचं, असा तिथला शिरस्ता. खड्डा खोल गेला तसा पंप जास्त वेळ धडधडू लागला, आणि कुंपणापलीकडे ताईच्या विहिरीनं तळ गाठला. पाणी कुणाचं ते कळायला काय पंडित लागतो?

पण ताईला सांगायचं कसं? आई गेल्यावर तिनंच त्याला आपल्या सासरी आणून वाढवलेलं. मग या शहाण्यानं काय केलं, तर पंपाच्या तोंडाला दोन पिंपं लावली आणि रोज घरी जाताना ती तिच्या दारात उतरवू लागला. ताई शेजारणींना ऐकवायची, "भाऊ असावा तर असा!" चोराच्या मनात चांदणं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि चहाला थांब म्हटलं तरी तो उंबऱ्यातूनच पळ काढायचा.

एका संध्याकाळी मात्र तिनं हाताला धरून बसवलंच. पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यानं पहिला घोट घेतला. तीच ती गोडसर चव. शाळेतून आल्या आल्या तो हेच पाणी घटाघटा प्यायचा.

"ताई, हे तुझ्याच विहिरीचं पाणी आहे गं. मीच ओढतोय ते," त्यानं एका दमात सांगून टाकलं.

ताई पिंपावर झाकण ठेवत होती. तिनं ते नीट बसवलं.

"ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी जिभेला कळलं."

"मग बोलली का नाहीस? दोन शिव्या तरी घालायच्यास!"

"घातल्या असत्या रे. पण तू रागावून पिंपं आणायचं बंद केलंस, तर मी प्यायचं काय?"

लहानपणी त्याचा कान पिरगाळताना जिनं कधी मागेपुढे पाहिलं नव्हतं, ती ताई आता त्याला भिऊन होती.