एकोणीसचा गट संपेपर्यंत

टेंभरे बाई कुणालाही नाव विचारत नसत. पोर समोर आलं की पहिला प्रश्न, "कोण्या गटात?" आमच्या शाळेत सॉफ्टबॉलचे तीन गट होते, चौदाच्या आतला, सतराच्या आतला आणि एकोणीसच्या आतला. बाईंच्या दृष्टीने सगळी मनुष्यजात या तीन गटांत मावत होती. मी ग्रंथपाल म्हणून रुजू झालो त्या दिवशी व्हरांड्यात ग्लोव्ह वाळत घालता घालता त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तोच प्रश्न केला. मी म्हणालो, "मी खेळत नाही, बाई." त्या म्हणाल्या, "मंग तुम्ही चौदाच्या आतले, सर. शिकायचे आहात अजून."

आमचं गाव कोहमाऱ्याहून आत. शाळेला मैदान होतं, पण ते रस्त्याकडेला उताराचं. चेंडू एकदा सुटला की थेट ट्रकांखाली जायचा. म्हणून धान कापून झालं की बाई मुलींना घेऊन दसाराम कटरे यांच्या बांधीत, त्या मोकळ्या झालेल्या शेतात, जात. कापलेल्या धानाचे खुंट पायाला टोचत, चेंडू खुंटाला लागून कुठेही उडे. बेस म्हणून बारदान्याचे तुकडे. बाई म्हणत, "इथं ज्याले चेंडू अडवता आला, त्याले कोणतंच मैदान अवघड नाही."

दसारामची धाकटी मुलगी मंगला या बांधीतच वाढली. रोवणीच्या, म्हणजे धान लावण्याच्या, दिवसांत पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, जुड्या खालून हात फिरवून दूर चिखलात फेकाव्या लागतात. ते काम ती लहानपणापासून करत होती, आणि सॉफ्टबॉलचा पिचर चेंडू टाकतो तो हात नेमका तसाच. बाईंनी तिला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं राहून जुडी फेकताना पाहिलं आणि रोवणी संपायच्या आत तिच्या हाती चेंडू दिला.

मंगला नववीत आली तेव्हा अडचण निघाली. आमच्याकडे पूर्वी गुरुजी पोर शाळेत घालताना वय अंदाजाने लिहीत. निम्म्या गावाचा जन्म एक जुलैचा. मंगला शाळेत निघालेल्या मोठ्या बहिणीचा हात धरून रडायची, म्हणून तिला वर्षभर आधीच पहिलीत बसवली होती आणि गुरुजींनी वय वाढवून लिहिलं होतं. तेव्हा ती खरी तेराची, पण कागदावर चौदा पूर्ण. लहान गटातून बाद. दसाराम शाळेत आला. मी तेव्हा बाईंशेजारी बसून पुस्तकांना कव्हर घालत होतो.

"बाई, पोरगी तेराचीच आहे. सतराच्या पोरी तिले चेंगरून टाकतीन. चौदात घ्या. म्हणत असान तं दाखला बदलून आणतो."

"आणशीन गा. उद्या बाकीचेही आणतीन. मागं एक जण मिशीवाला पोरगा चौदात घेऊन आला होता, त्याचाही दाखला नवाच होता." मग बाईंनी कागदावर बोट ठेवलं. "मैदानात कागद म्हणते तेच वय. कागदानं मोठी केली, तं मोठ्यांत खेळंन."

"हे अन्याय होय."

"होय. पण एकावर. तू म्हणते ते केलं तं सगळ्यांवर."

मंगला मोठ्यांत खेळली. पहिल्या वर्षी तिला ग्लोव्ह हातात बसत नव्हता, मनगटाला सुतळी बांधून खेळायची. बाहेरगावच्या पोरी हसत. ती बाईंकडे बघायची आणि बाई म्हणायच्या, "मले कायले पाहून राहिली? चेंडूकडं पाहा." दुसऱ्या वर्षी हसणं कमी झालं. तिसऱ्या वर्षी तिच्या चेंडूपुढे उभं राहायला पोरी कां-कूं करत. मध्ये एकदा ती दहावीच्या गणितात राहिली होती, म्हणून बारावीत आली तेव्हा कागदावर अठरा पूर्ण झाली होती.

आणि दसारामने तिचं लग्न ठरवलं. स्थळ बिरसीकडचं, धानशेतीचं, चांगलं. दिवाळीनंतर साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. आदल्या संध्याकाळी मंगलाने एकही चेंडू सरळ टाकला नाही. बाईंनी सामान आवरायला लावलं आणि मला म्हणाल्या, "सर, उद्या दसारामकडं चला. साक्षीला कोणी शिकलेला माणूस लागते."

मी अशा जागी जाणारा माणूस नाही. पण गेलो.

साक्षगंधाच्या दिवशी आम्ही दसारामच्या आंगणात शिरलो तेव्हा पाहुणे सतरंजीवर बसले होते, चहा फिरत होता. बाई सतरंजीच्या कडेला, जमिनीवरच बसल्या. दसारामने ओळखलं. जवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, आज नका."

"आजच. उद्या तं कुंकू लागून राहीन." आवाज त्यांनी मुळीच खाली आणला नाही. "चार वर्षांमागं तू शाळेत आला होता. काय म्हणलं होतं? पोरगी तेराची आहे. हे सर बसले होते. तेरा नं चार किती होते गा, दसाराम?"

आंगणात कप थांबले. दसारामचा चेहरा तांबडा झाला. पण तो मुका माणूस नव्हता.

"आन् तुम्ही काय म्हणलं होतं, बाई? कागद म्हणते तेच वय. कागद अठरा म्हणते. तुमच्यासाठी एक कागद नं माह्यासाठी दुसरा?"

मला वाटलं, झालं. कारण तो खोटं बोलत नव्हता. पलीकडे दाराआड मंगला उभी होती, तिची बांगडी तेवढी दिसत होती.

"म्हणलं होतं," बाई म्हणाल्या. "आजही म्हणतो. मैदानात कागद चुकला तं एक रन जाते. इथं पोरगी जाते. दोन्ही सारखं नाही, दसाराम, हे तुलेही समजते. पण तुले माहाच कायदा पाहिजे ना? घे. कागदावर तिचा एकोणीसचा गट अजून संपला नाही. जुलैपर्यंत आहे. गट संपेपर्यंत पोरगी माही. गुरुजीनं तिचं एक वर्ष खाल्लं, ते गटातून परत घेऊन राहिली मी. त्याच्यानंतर तुम्ही बापलेकी जाणा."

मुलाच्या मामाने विचारलं, "पोरगी सतराची आहे का खरंच?"

"मले नका विचारू, तिच्या मायले विचारा," बाई म्हणाल्या. "बाळंतपण कागदावर नाही झालं."

मंगलाची आई चुलीपाशी होती. ती बाहेर आली नाही, पण आतून तिचा आवाज आला, "सतराचीच आहे." एवढंच. पाहुण्यांनी चहा संपवला. मामा उठताना म्हणाला, "आमाले लफडं नाही पाहिजे, भाऊ." आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी दसारामने बांधीला काट्यांचं कुंपण घातलं. बाई पोरींना घेऊन पुन्हा रस्त्याकडेच्या उतारावर आल्या. गावात बोललं गेलं, की स्वतःचं लग्न झालं नाही म्हणून हिला दुसऱ्यांची बघवत नाहीत. बाईंच्या कानावर आलं तेव्हा त्या चेंडूला टाके घालत होत्या. "होय," म्हणाल्या, "कोणत्याच गटात बसली नाही मी." आणि दोरा दातांनी तोडला.

त्या वर्षी आमचा संघ विभागात पहिल्याच सामन्यात हरला. मंगला छान खेळली, तरी हरला. जुलै आला, गट संपला, मंगला खरी अठराची झाली. मग तिने स्वतःच बापाला सांगितलं की नर्सिंगला जाते. ती गेली. लग्न तिने नंतर केलं, आपल्या मर्जीने. आता गोंदियाला दवाखान्यात आहे.

बाई निवृत्त झाल्या त्याही कागदाप्रमाणे. त्यांचाही जन्म एक जुलैचा, त्यांच्याही गुरुजींनी अंदाजाने लिहिलेला. निरोपाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बॅटांची पिशवी घेऊन हजर. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, आता नियमात बसत नाही." बाई म्हणाल्या, "कागद रिटायर झाला, सर. मी नाही झाली." तरी त्यांना मैदान मिळालं नाही. त्या वर्षी धान कापून झालं आणि एका संध्याकाळी दिसलं, की दसारामच्या बांधीचं कुंपण काढलेलं आहे. बाईंनी धुऱ्यावरून विचारलं, "काऊन गा, दसाराम?" तो न बघता म्हणाला, "तणीस उचलायची होती." तणीस म्हणजे धानाचा पेंढा, आणि तो कधीच उचलून झाला होता.

यंदा भाद्रपदात, धान निसवत असताना, बाई गेल्या. थोडकं दुखणं होतं. शोकसभेत मुख्याध्यापक म्हणाले, की त्यांनी पूर्ण आयुष्य भोगलं. मला ते मान्य नाही. कुणाच्या कागदाप्रमाणे पूर्ण, हे मी विचारणार होतो, पण सभेत बोलायची मला सवय नाही.

तेवढ्यात दसाराम उठला. आता म्हातारा झाला आहे, काठी घेऊन चालतो. टोपी काढून हातात धरली.

"बाई माह्या दारात आली होती. माह्या पोरीचं एक वर्ष मागाले. मी दिलं नाही." तो थांबला. "तिनं घेतलं."

आणि खाली बसला.

आजही आमच्या गावात मुलगी बघायला कुणी आलं, तर घरातली म्हातारी आधी विचारते, "पोरगी कोण्या गटात आहे?" एकोणीसचा गट संपला नसेल तर पाहुण्यांना चहा मिळतो, मुलगी दाखवत नाहीत. कुणी तसा ठराव केला नाही. कुणी मोडलाही नाही.

सभेहून परतताना दसाराम माझ्याबरोबर धुऱ्यापर्यंत चालला. सगळ्या शिवारात भारी धान होतं, ते दिवाळी झाल्यावरच कापायला येतं. त्याच्या एका बांधीतलं, पोरी खेळतात तिथलं मात्र पिवळं पडायला लागलं होतं.

"यंदा इथं हलकं धान लावलं, सर," तो म्हणाला. "पीक कमी येते. पण बांधी लवकर मोकळी होते."