एस्तेरमावशींचा मराठी सोमवार

प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासत असताना फोन आला. एस्तेरमावशी पहाटे झोपेतच गेल्या... टांझानियाला जाण्याचं माझं तिकीट तोवर निघालं होतं, आणि ते त्यांच्याच होकारामुळे.

मावशी मूळच्या नगरच्या. तरुणपणी टांझानियातल्या मिशन दवाखान्यात परिचारिका होत्या, पुढे न्यू जर्सीत स्थायिक झाल्या. एडिसनजवळच्या आमच्या चर्चच्या तळघरात त्या मिशनरी घडवत. हे लोक पाळक किंवा धर्मगुरू नसत. शिक्षक, वकील, माझ्यासारखे विज्ञानातले, असे साधे विश्वासणारे असत. तिकडच्या गावांत राहून जमिनीच्या आणि पाण्याच्या हक्कांसाठी गावकऱ्यांसोबत उभं राहणं, हे त्यांचं काम. कोण जायला तयार आहे, ते मावशी ठरवत.

प्रशिक्षणाचा पहिला सोमवार त्या संपूर्ण मराठीत घेत. समोरच्या अमेरिकन मंडळींना अक्षरही कळत नसे. "दुष्काळात विहिरीवर पहिला हक्क कुणाचा?" असं शांतपणे विचारून मावशी उत्तराची वाट पाहत. सभेच्या कडेला भाषा न कळता बसलेल्या माणसाची अवस्था व्याख्यानातून समजत नाही, ती अनुभवावी लागते, असं त्यांचं म्हणणं. माझ्या वेळी शेजारी बसलेले डॅन, एरवी निष्णात वकील, कसनुसं हसत घाम पुसू लागले. मला राहवेना, मी कुजबुजत भाषांतर सुरू केलं.

"ए शहाणे, तुला दुभाषी कुणी नेमलं?"

"मावशी, ते अडलेत. वेळ वाया जातोय."

"कुणाचा? त्यांचा की तुझा?"

"व्हॉट डिड शी से?" डॅननी मला विचारलं.

"सांग, मी तुला ओरडतेय. एवढं भाषांतर चालेल," मावशी म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या.

प्रशिक्षण संपल्यावर निर्णय आला. या वर्षी मी नाही. मी माझ्या संशोधनाचा दाखला दिला.

"पाणी तुला कळतं गं. पण तिथल्या बाया आधी सासूचं गाऱ्हाणं सांगतील, मग गायीचं. विहीर कुणी बळकावली, ते शेवटी. तोवर तू आलेख काढून परतलेली असशील!"

हा निकष मला अशास्त्रीय वाटला, आणि तसं मी सुनावलंही. तरी पुढचं वर्षभर दर शनिवारी मी त्यांना गाडीतून काँगोहून आलेल्या निर्वासित कुटुंबांकडे नेत राहिले. तिथे काम असं काही नसे. बसायचं, वाढलेलं खायचं, ऐकायचं. बायांचं स्वाहिली घरातली मुलं मला इंग्रजीत सांगत. परतताना मी संभाषणाचा नेटका सारांश सांगे. मावशी विचारत, "आणि बोलता बोलता ती थांबली कुठे?" ते टिपणारं उपकरण माझ्याकडे नव्हतं... या वसंतात, अशाच एका शनिवारी सीटबेल्ट लावता लावता त्या सहज म्हणाल्या, "आता जा तू." कारण त्यांनी दिलं नाही. मीही, प्रथमच, विचारलं नाही.

अंत्यविधीनंतर मी त्यांची खोली आवरायला गेले. तिथे गादीची एकच खुर्ची आहे, ती पाहुण्यांसाठी. स्वतः मावशी बुटक्या लाकडी स्टुलावर बसत. तेवढ्यात त्या निर्वासित कुटुंबांतली वयस्क मारी भेटायला आली. मी तिला खुर्ची दिली आणि स्टुलावर टेकले. ती स्वाहिलीत बोलू लागली. माझं स्वाहिली अजून कच्चं आहे, निम्मं निसटलं. मग ती मध्येच थांबली. चहा ठेवावा, काही विचारावं, असं फार वाटलं. मी बसून राहिले... बऱ्याच वेळाने मारीने काँगोत मागे राहिलेल्या आपल्या मुलाचं नाव घेतलं. इतक्या शनिवारांत ते आम्ही कधीच ऐकलं नव्हतं.