बाद झालेलं मत

वेल्सच्या डोंगरातल्या आमच्या लानगर्वेन गावात इद्वल पॅरीला न ओळखणारा माणूस नव्हता. सगळं आयुष्य त्यानं पाटीच्या दगडाच्या खाणीत काढलं. संपाच्या दिवसांत कामगारांचा चिटणीस तोच, चॅपलमध्ये खर्जात गाणारा तोच, आणि निवडणूक आली की कामगारांच्या लाल पक्षाच्या वतीनं मतमोजणीच्या टेबलासमोर हात पाठीशी बांधून उभा राहणाराही तोच. मी गावच्या वाचनालयात कामाला, त्यामुळे मोजणीला दर वेळी माझी नेमणूक ठरलेली. इद्वलची नजर आम्हा बायकांच्या बोटांवर अशी असायची की खोकला आला तरी दाबून धरावा लागे. "सावकाश, पोरींनो," तो म्हणायचा. "मेंढरं मोजताय असं समजा. फक्त झोपू नका."

बायको लवकर गेली. मुलगी एकच, एलिनेद. बापासारखी उंच आणि बापाहून हट्टी. लहानपणी ती त्याच्या कोटाला धरून दारोदार लाल पत्रकं वाटत हिंडायची. पुढे पोस्टात खिडकीवर लागली. आणि एके दिवशी संध्याकाळी ती छातीवर हिरव्या फितीचा बिल्ला लावून घरी आली. वेल्सचा कारभार वेल्सच्या माणसांनी पाहावा, आपली भाषा कचेरीत चालावी, असं म्हणणारा तो पक्ष. मोठ्यांच्या लेखी पोरासोरांचा.

शेजारच्या मेगन मावशींनी सगळं ऐकलं. आमच्या गावच्या भिंती तशा पातळच.

"ते हिरवं काढ आधी," इद्वल म्हणाला.

"बिल्ला आहे बाबा, साप नाही."

"साप परवडला. तुझ्या आजोबांना खाणमालकानं घराबाहेर काढलं, तेव्हा त्यांच्या पाठीशी कोण उभं राहिलं? हे हिरवे? जन्म तरी झाला होता का यांचा?"

"आजोबांना इंग्रजी कळत नाही म्हणून मालक तोंडावर हसायचा, हे मला कुणी सांगितलं? तुम्हीच ना? मग त्याबद्दल बोलले तर बिघडलं कुठे?"

"बोल की. खुशाल बोल. पण तो बिल्ला लावून या दारात यायचं नाही."

"मग मीच येत नाही."

आणि त्या दारात ती खरंच पुन्हा आली नाही. कापडदुकानाच्या माडीवर तिनं खोली घेतली. आधी सगळ्यांना वाटलं, महिनाभर चालेल. पण वर्षं गेली. रविवारी चॅपलमध्ये बाप नेहमीच्या बाकावर बसायचा आणि लेक वरच्या सज्जात. गाणं सुरू झालं की दोघांचे आवाज ओळखू यायचे; त्यांतला एक बंद पडला की दुसरा थोडा हळू व्हायचा. हे माझ्या एकटीच्या लक्षात आलं असेल असं नाही.

मग सार्वत्रिक निवडणूक लागली आणि हिरव्यांनी एलिनेदला उभं केलं. जिंकायची आशा कुणालाच नव्हती. पडायला कुणीतरी उभं राहायला हवं होतं, एवढंच. तिनं मात्र डोंगरावरच्या शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत जाऊन मतं मागितली. फक्त एक दार सोडलं.

"पत्रक तरी टाकायचंस बापाच्या दारात," मेगन मावशी तिला पोस्टात म्हणाल्या.

"कशाला? शेगडी पेटवायला त्यांच्याकडे कागद आहेत."

मतदान गुरुवारी, आणि आमच्याकडे मोजणी शुक्रवारी सकाळी. डोंगराकडच्या पेट्या यायला वेळ लागतो. त्या वर्षी इद्वल मोजणीच्या हॉलमध्ये नव्हता. खाणीची धूळ छातीत इतकी बसली होती की जिना चढणं जमत नव्हतं. मतदानाला मात्र तो काठी टेकत गेला होता, वाटेत तीनदा भिंतीला टेकून.

पेट्या रिकाम्या केल्या. आधी प्रत्येक पेटीतले कागद मतदान केंद्रानं कळवलेल्या आकड्याशी ताडून पाहिले. मग सगळे एकत्र कालवून उमेदवारांप्रमाणे वेगळे करायला घेतले. नियम असा की मोजणाऱ्यानं फुली कुठे आहे तेवढं पाहायचं. ज्याबद्दल शंका येईल तो कागद वेगळ्या ट्रेमध्ये टाकायचा. माझ्या हाती एक कागद आला. एलिनेदच्या नावापुढे स्वच्छ फुली होती. आणि शेजारी, केंद्रातल्या दोरीला बांधलेल्या पेन्सिलीनं, चिटणिसाच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'हे माझं मत. इद्वल पॅरी.'

मी तो ट्रेमध्ये ठेवला. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

गठ्ठे बांधून झाल्यावर निवडणूक अधिकाऱ्यांनी उमेदवारांना आणि त्यांच्या प्रतिनिधींना टेबलाभोवती बोलावलं. शंकेचे कागद एकेक करून सगळ्यांना दाखवायचे, आणि मग निर्णय द्यायचा. एकावर दोघांना फुल्या होत्या. एक कोरा. एकावर कुणीतरी चारही नावं खोडून खाली लिहिलं होतं, 'यांच्यापेक्षा माझा कुत्रा बरा.' निळ्या पक्षाचा उमेदवार म्हणाला, "कुत्र्याचा अर्ज वेळेत आला नाही, नाहीतर आपलं काही खरं नव्हतं." सगळे हसले. एलिनेदही हसली.

मग तो कागद वर आला.

लाल पक्षाच्या माणसानं पाहिलं आणि तो खिडकीकडे बघायला लागला. एलिनेदचा प्रतिनिधी मेरिग, गावातला औषधवाला, भाबडेपणानं म्हणाला, "फुली तर सरळ आहे, साहेब. मत कुणाला ते स्पष्टच आहे."

"मत कुणाला ते स्पष्ट आहे, मेरिग. पण मत कुणाचं तेही स्पष्ट आहे," अधिकारी हळू आवाजात म्हणाले. "मतदार ओळखू येत असेल तर मत बाद. कुणाची हरकत?"

एलिनेदचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. "नाही," ती म्हणाली. "बाद."

शिक्का पडला.

आकडे आधी उमेदवारांना कोपऱ्यात कुजबुजून सांगितले. फेरमोजणी कुणी मागितली नाही, मागण्यासारखं काही नव्हतंच. मग सगळे हॉलच्या सज्जात गेले. अधिकाऱ्यांनी आधी वेल्शमध्ये आणि मग इंग्रजीत प्रत्येकाची मतं वाचली आणि लाल पक्षाचा उमेदवार रीतसर निवडून आल्याचं जाहीर केलं. खाली चौकात टाळ्या, थोडा आरडाओरडा. एलिनेद तिसरी. तिनं मोजणाऱ्यांचे आभार मानले, पोलिसांचे मानले, मेरिगचे मानले. मग ती जिना उतरली.

दाराशी मी तिला गाठलं. "एलिनेद, वर जाऊन ये."

"कुठे?"

"तुला माहीत आहे कुठे."

"आत पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही, अशी शपथ घेतलीय आपण. तुलाही माहीत आहे ते." मग तिचा आवाज चढला. "त्यांना नियम माहीत नव्हता? आयुष्यभर सह्या केलेली मतं त्यांनी बोट ठेवून बाद करवली. मला मत दिलं आणि त्याच हातानं काढून घेतलं. वर सगळ्यांसमोर दाखवलं. थट्टा केली माझी."

ती उतारानं कापडदुकानाकडे गेली. बापाचं घर चढाला.

थंडीत इद्वलची छाती भरली. त्याला इस्पितळात नेलं तेव्हा ती गेली, रोज गेली. पण तोंडावर प्राणवायूचा मुखवटा. बोलणं शक्यच नव्हतं. तो तिच्याकडे पाहत राहायचा आणि ती त्याची उशी सारखी करत राहायची. आठवडाभरात तो गेला.

त्याला पुरल्यावर चॅपलच्या मागच्या खोलीत चहा होता. मेगन मावशी एलिनेदजवळ येऊन बसल्या आणि रडत रडत म्हणाल्या, "एक सांगू का गं? राग मानू नकोस. निकालाच्या दिवशी त्यानं माझ्याकडून मनुक्यांचा पाव मागून नेला. लेक येणार आहे म्हणाला. मी विचारलं, निरोप आला का? तर म्हणाला, निरोप मीच धाडलाय, एव्हाना मिळाला असेल तिला. दिवेलागणीपर्यंत दार सताड उघडं. मी म्हटलं, लाव रे ते, छातीत वारं शिरेल. तर म्हणतो, जिंकली असेल तर मिरवून येईल, हरली असेल तर रडून येईल. वेळ लागणारच."

एलिनेदनं कप खाली ठेवला. "मग?"

"मग काय? दुसऱ्या दिवशी पाव परत आणून दिला. मुलांना दे म्हणाला. तुझ्याबद्दल वाकडा शब्द नाही काढला हो."

ती उठून बाहेर गेली आणि भर थंडीत, कोट न घालता, कुंपणाच्या भिंतीला धरून उभी राहिली. मी तिचा कोट घेऊन गेले, पण तिनं हात आत घातले नाहीत.

पुढे ती बापाच्या घरी राहायला आली. पुन्हा कधी उभी राहिली नाही. पक्षाची माणसं दोनदा येऊन बसली, तिनं चहा दिला आणि नाही म्हणाली. खूप वर्षांनी, आम्ही दोघी त्याच घराच्या अंगणात वाटाणे सोलत असताना ती आपणहून बोलली.

"लाल सोडून दुसऱ्या कुणाला मोजलं जाणारं मत त्यांच्या हातून पडलंच नसतं गं. अंगाचं कातडं सोलल्यासारखं झालं असतं त्यांना. आणि मला न देताही राहवलं नाही. बाद मतं उमेदवाराला दाखवतात, हे त्यांच्याहून जास्त कुणाला माहीत? माझ्यापर्यंत पोचायची तेवढी एक वाट त्यांना सापडली. छाती फुटेस्तोवर चालत गेले तिथवर. मला चढ चढून यायचं होतं, बस."

"तू शपथेला बांधलेली होतीस," मी म्हटलं.

"शपथ बोलायच्या आड येत होती. दार वाजवायच्या नाही. मी फक्त जाऊन बसले असते तरी ते समजले असते."

तिनं शेंगांची सालं पदरासारख्या धरलेल्या एप्रनमध्ये गोळा केली आणि कोंबड्यांपुढे टाकायला गेली.

काही निवडणुकांनंतर आमची जागा हिरव्यांनी जिंकली. चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. सज्जातून आकडे वाचले जात होते, मेरिग म्हातारपणी लहान मुलासारखा रडत होता. "वर चल, एलिनेद," तो ओरडला. "तुझी जागा वर आहे!" तिनं हसून हात हलवला, पण गेली नाही. नवा खासदार बोलायला उभा राहिला तेव्हा मी तिला शोधलं. ती गर्दीतून बाहेर पडून चढाच्या रस्त्याला लागली होती, आणि अर्ध्या वाटेवर, दम लागून, भिंतीला टेकून उभी होती.