माडाला घातलेले बांगडे

मंडळी, आज देवबागच्या आमच्या होमस्टेत पाहुण्यांना नुसता वरणभात वाढला. रात्रभर वीज नव्हती. फ्रीजमधले बांगडे कोमट झालेले, दिसायला मात्र अजून चकचकीत.

ते पुरायला मी माडाखाली बसले आणि ऐंशीच्या दशकातली एक दुपार अलगद शेजारी येऊन बसली. त्या दिवशी बर्फ आलाच नव्हता. मासे विकून परतलेल्या आईच्या टोपलीत असेच बांगडे उरले होते. एक तरी तळ म्हणून मी रडत होते. याच माडाच्या बुंध्याशी ते पुरून माती ओढत ती म्हणाली, "माडाक चलता गो, माणसाक नाय."

जंतूंनी केलेलं विष तळूनही जात नाही, हे मी खूप नंतर वाचलं. तिला कुणी सांगितलं असेल?

रुसलेल्या पाहुण्यांना निघताना त्याच माडाची शहाळी दिली. "इतकं गोड?"

म्हटलं, "आईच्या हातचं आहे."