‘भ’चा वाढदिवस

माझी वहिनी घरात शिवणकाम करते आणि दोन्ही पोरांना घरीच शिकवते. दर आठवड्याला एका अक्षराचा वाढदिवस असतो. चिंध्यांच्या पताका लागतात, कागदी टोप्या होतात, कणकेचं अक्षर वळलं जातं. पण शब्द हात लावूनच शिकायचा, हा तिचा नियम. मऊ म्हणजे मखमल, टोकदार म्हणजे टाचणी.

‘भ’च्या वाढदिवशीच पोरांचा अभ्यास तपासायला शिक्षण खात्याच्या बाई येणार होत्या. पोरं कच्ची निघाली तर घरची शाळा बंद!  सकाळपासून दोनदा वहिनीच्या बोटात सुई घुसली होती.

“त्या काय खाणार आहेत का तुला?” मी खेकसले. पण बेल वाजली आणि माझ्याच तोंडचं पाणी पळालं.

बाईंनी टोपीवाल्या धाकटीला विचारलं, “‘भ’चा एखादा शब्द सांग बघू.”

“भीती.”

“म्हणजे काय गं?”

वहिनी पांढरीफटक पडली. धाकटीने बाईंचा हात धरला आणि आईच्या हातावर नेऊन ठेवला.

“थरथरतोय ना? ही भीती. तुम्ही गेलात की जाईल.”