समईत ओतलेले इंजिनाचे तेल

श्रीगजाननाला वंदन करून गेल्या खंडेनवमीची ही आठवण लिहितो. जिंतूरच्या घाण्यावरून नवे तेल आले की पहिली धार देवाला, ही आमच्या घरची रीत. त्या सकाळी देवघराजवळ करडई तेलाची छोटी बाटली दिसली. ती मी घासून कोरड्या केलेल्या समईत रिती केली.

महाविद्यालयात शिकवणारी सूनबाई धावत आली. "मामंजी, वात लावू नका! ते करडईच्या तेलापासून केलेलं इंजिनाचं तेल आहे, नॅनो कण मिसळलेलं. पूजेपुरतं इथं ठेवलं होतं, चाचणीला एवढंच आहे!"

"कण तर दिसत नाहीत."

"दिसत नाहीत, पण लोखंडाची झीज रोखतात."

आमच्या सौभाग्यवती हसल्या, "आता देवालाच मोटारसायकल घेऊन द्या!"

मी गोंधळलो. देवाला वाहिलेले परत कसे घ्यावे? न घ्यावे, तर सुनेचे कष्ट वाया.

सूनबाई हळूच म्हणाली, "मामंजी, नैवेद्यही प्रसाद होऊन परत मिळतोच की."

मी समई तिच्या बाटलीत रिकामी केली. प्रसाद इंजिनात घालावा का, हे मला अद्याप उमगलेले नाही. तिच्या चाचणीच्या इंजिनाला मात्र मी हळदकुंकू वाहिले.

वाचकहो, आपल्या घरचा दिवा तेवत राहो आणि चाके सुखरूप फिरोत.